कॅनन (स्टार वॉर्स)

स्टार वॉर्स या अमेरिकन विज्ञानकथामालिकेच्या संदर्भात कॅनन म्हणजे मालिकेच्या काल्पनिक विश्वात प्रत्यक्ष घडल्याचे हक्कधारक कंपनीने मान्य केलेल्या घटनांचा, पात्रांचा व स्थळांचा संच होय. मराठीत त्यास 'प्रमाणकथा' असे म्हणता येईल. जॉर्ज लुकास यांचा पहिला स्टार वॉर्स चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. पुढे चित्रपटांखेरीज कादंबऱ्या, चित्रकथा, दूरचित्रवाणी मालिका, व्हिडिओ गेम व संदर्भग्रंथ यांतूनही ही कथा विस्तारत गेली. अनेक लेखकांनी अनेक दशके केलेल्या या लेखनात परस्परविरोधी माहिती येणे अपरिहार्य होते. त्यामुळे कोणती माहिती ग्राह्य मानावी, हा प्रश्न निर्माण झाला. चाहत्यांमध्ये तो विशेषतः पात्रांच्या युद्धसामर्थ्याची तुलना करताना उपस्थित होतो. दोन योद्ध्यांपैकी श्रेष्ठ कोण, याचे उत्तर अनेकदा कोणती कलाकृती पुरावा म्हणून स्वीकारली यावरच अवलंबून असते.

संज्ञा

'कॅनन' हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मोजपट्टी किंवा नियम असा आहे. ख्रिस्ती परंपरेत तो चर्चने मान्य केलेल्या धर्मग्रंथांच्या यादीसाठी रूढ झाला. ललित साहित्याला ही कल्पना लावण्यात शेरलॉक होम्सचे वाचक अग्रेसर होते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये एका निबंधातून धर्मग्रंथांच्या चिकित्सेची पद्धत विनोदाने होम्सकथांना लावून दाखवली. पुढे आर्थर कॉनन डॉइल यांच्या ४ कादंबऱ्या व ५६ लघुकथा यांना होम्सचे कॅनन म्हटले जाऊ लागले. होम्सचे कॅनन लेखकाच्या निधनामुळे पूर्ण झालेले आहे. स्टार वॉर्सचे कॅनन मात्र सतत वाढत असते व त्यात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे असतो.

इतिहास

विस्तारित विश्व

मार्व्हल कॉमिक्सने १९७७ मध्ये स्टार वॉर्सची चित्रकथामालिका सुरू केली. ॲलन डीन फॉस्टर यांची 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' ही कादंबरी १९७८ मध्ये आली. टिमथी झॅन यांच्या 'एअर टू द एम्पायर' (१९९१) या कादंबरीनंतर अशा लेखनाला मोठा बहर आला. या सर्व साहित्यास 'विस्तारित विश्व' असे नाव होते. चित्रपटांनंतरच्या काळाची सलग कथा त्यात उभी राहिली. ल्यूक स्कायवॉकरचा मारा जेडशी झालेला विवाह, हान सोलो व लेया यांची तीन अपत्ये आणि 'व्हेक्टर प्राइम' (१९९९) या कादंबरीतील चुबाकाचा मृत्यू हे या कथेतील महत्त्वाचे प्रसंग होत.

श्रेणीव्यवस्था

लुकासफिल्म कंपनीने २००० मध्ये कथाविश्वातील माहितीच्या नोंदी ठेवण्याचे काम लेलंड ची यांच्याकडे सोपवले. त्यांच्या माहितीसंचाला 'होलोक्रॉन' असे नाव होते. त्यात माहितीला श्रेणी दिल्या जात. सर्वोच्च 'जी' श्रेणीत लुकास यांचे चित्रपट होते. त्याखाली दूरचित्रवाणीची 'टी' श्रेणी, बहुतेक कादंबऱ्या व चित्रकथांची 'सी' श्रेणी, जुन्या व ऐच्छिक साहित्याची 'एस' श्रेणी आणि कथाविश्वाबाहेरील साहित्याची 'एन' श्रेणी होती. विसंगती आढळल्यास वरच्या श्रेणीतील माहिती ग्राह्य मानली जाई.

सर्वोच्च श्रेणीतील चित्रपटही स्थिर राहिले नाहीत. १९७७ च्या चित्रपटात हान सोलो ग्रीडोवर प्रथम गोळी झाडतो. १९९७ च्या आवृत्तीत ग्रीडो प्रथम गोळी झाडतो. २००४ च्या आवृत्तीत दोघे जवळजवळ एकाच वेळी गोळी झाडतात, तर २०१९ मध्ये या प्रसंगात आणखी बदल करण्यात आला. मूळ प्रसंगातून हानचा निष्ठुर व सावध स्वभाव दिसत असल्याने अनेक चाहत्यांनी हे बदल स्वीकारले नाहीत.

२०१४ चा निर्णय

लुकासफिल्म विकत घेत असल्याचे डिस्नेने ३० ऑक्टोबर २०१२ रोजी जाहीर केले. २५ एप्रिल २०१४ रोजी लुकासफिल्मने विस्तारित विश्व कॅननबाहेर ठेवून त्यास 'लेजेंड्स' असे नाव दिले. तोवरचे सहा चित्रपट, 'द क्लोन वॉर्स' (२००८) हा चित्रपट व त्याच नावाची ॲनिमेशन मालिका एवढेच पूर्वीचे साहित्य कॅनन म्हणून कायम राहिले. श्रेणीव्यवस्था संपुष्टात येऊन नवे चित्रपट, कादंबऱ्या व चित्रकथा यांना समान दर्जा मिळाला. त्यांतील सुसंगतीचे काम 'स्टोरी ग्रुप' या विभागाकडे आहे. नव्या चित्रपटांच्या लेखकांना मोकळीक मिळावी, हा या निर्णयाचा उद्देश होता. त्यामुळे 'द फोर्स अवेकन्स' (२०१५) मध्ये चुबाका जिवंत आहे, तसेच हान व लेया यांना बेन हा एकच मुलगा आहे.

सामर्थ्यविषयक वाद

पुराव्याचे स्वरूप

अशा वादांत पात्राचे पराक्रम, इतर पात्रांची विधाने व लढतींचे निकाल हे प्रमुख पुरावे असतात. माध्यमानुसार पराक्रमांचे प्रमाण बदलते. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मध्ये योडा 'फोर्स' या शक्तीने दलदलीत बुडालेले एक लढाऊ यान वर उचलतो. 'द फोर्स अनलीश्ड' (२००८) या गेममध्ये डार्थ व्हेडरचा गुप्त शिष्य त्याच शक्तीने स्टार डिस्ट्रॉयर ही प्रचंड युद्धनौका आकाशातून खाली खेचतो. दोन्ही प्रसंग समान मानल्यास हा शिष्य योडाहून कितीतरी बलवान ठरतो. मात्र हा गेम २०१४ पासून लेजेंड्समध्ये असल्याने कॅननपुरत्या तुलनेत हा पुरावा बाद होतो. २००३ ते २००५ दरम्यानच्या 'क्लोन वॉर्स' या लघुमालिकेत मेस विंडू नुसत्या हातांनी यंत्रसैनिकांची फौज नष्ट करतो. ही मालिकाही आज कॅननबाहेर आहे.

लढतींचे निकाल

एका लढतीच्या निकालावरून दुसऱ्या लढतीचे अनुमान काढण्याची पद्धत प्रचलित आहे. तिची मर्यादा 'रिव्हेंज ऑफ द सिथ' (२००५) या एकाच चित्रपटातून स्पष्ट होते. त्यात काउंट डुकू ओबी-वॅन केनोबीला बेशुद्ध पाडतो, ॲनाकिन स्कायवॉकर डुकूला पराभूत करतो आणि शेवटी ओबी-वॅन ॲनाकिनवर विजय मिळवतो. तिन्ही निकाल कॅनन असूनही त्यांतून सरळ क्रमवारी लागत नाही. जागा, मनःस्थिती, प्रतिस्पर्ध्याची ओळख व युद्धशैली यांचा निकालावर परिणाम होतो. ओबी-वॅन हा ॲनाकिनचा गुरू असल्याने त्याची शैली जाणतो, तर ॲनाकिन संतापाच्या भरात उंच जागी उभ्या असलेल्या गुरूवर झेप घेतो. उंच जागेला निर्णायक मानणाऱ्यांना उत्तर म्हणून 'द फँटम मेनेस' (१९९९) मधील प्रसंग दाखवला जातो. तेथे वर उभ्या असलेल्या डार्थ मॉलला खाली लोंबकळणारा ओबी-वॅन हरवतो.

'द फोर्स अवेकन्स' मध्ये प्रशिक्षण न घेतलेली रे ही कायलो रेनला हरवते, यावरही आक्षेप घेतला गेला. कायलो रेन त्यापूर्वीच चुबाकाच्या शस्त्राने जखमी झालेला असतो, याकडे दुसरा पक्ष लक्ष वेधतो.

आकडेवारी

काही वादांत भौतिकशास्त्राचा आधार घेतला जातो. खगोलभौतिकीचे अभ्यासक कर्टिस सॅक्सटन यांनी २००२ मधील एका अधिकृत संदर्भग्रंथात एका सैनिकवाहू यानाच्या तोफेच्या प्रत्येक माऱ्याची क्षमता २०० गिगाटन इतकी दिली होती. ही ऊर्जा १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने चाचणी घेतलेल्या सुमारे ५० मेगाटनच्या 'झार बॉम्बा'च्या सुमारे ४,००० पट होते. स्टार वॉर्स व स्टार ट्रेक यांतील युद्धनौकांची तुलना करणाऱ्यांनी या आकड्याचा आधार घेतला. चित्रपटांत दिसणारे स्फोट त्या मानाने फारच लहान आहेत, असा विरोधकांचा आक्षेप होता. छापील आकडा व पडद्यावरील दृश्य यांत अधिक विश्वसनीय काय, हा या वादातील मूळ मुद्दा होता.

परिणाम

२०१४ च्या निर्णयामुळे अनेक वर्षे जपलेली कथा निरर्थक ठरल्याची भावना विस्तारित विश्वाच्या अनेक वाचकांनी व्यक्त केली. लेजेंड्समधील पुस्तकांचे पुनर्मुद्रण मात्र चालू राहिले. मार्व्हलच्या जुन्या मालिकेचे १९८६ पर्यंत १०७ अंक निघाले होते. तिचा १०८ वा अंक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. टिमथी झॅन यांनी १९९१ मध्ये निर्मिलेला थ्रॉन हा सेनानी 'रेबल्स' या मालिकेतून २०१६ मध्ये कॅननमध्ये आला. त्याच्यावरील नवी कादंबरीही झॅन यांनीच २०१७ मध्ये लिहिली. मारा जेड मात्र लेजेंड्समध्येच राहिली. त्यामुळे सामर्थ्याची तुलना करताना चाहते आता सुरुवातीलाच 'कॅनन ल्यूक' की 'लेजेंड्स ल्यूक', असा भेद स्पष्ट करतात आणि या दोघांना स्वतंत्र पात्रे मानतात.