पाऊल उचलायला विजेची मदत



आपल्यापैकी काही जणींच्या घरात अर्धांगवायू झालेलं माणूस असेल. दवाखान्यातून घरी आणलं, हळूहळू ते धरून उभं राहू लागलं, सगळ्यांना बरं वाटलं. आणि मग एक दिवस उंबरठ्याला पाय अडकतो, नाहीतर मोरीत तोल जातो. खुब्याचं हाड मोडलं की पुन्हा अंथरूण. मग उचलायला-बसवायला बहुतेक घरांत बाईच असते. म्हणून आज तोल सांभाळण्याबद्दल बोलू या.

पाय अडकतो का? अर्धांगवायूत मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. पायाचा स्नायू आणि त्याची नस जागेवरच असतात, पण मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल वर उचलतो. त्याला निरोप मिळाला नाही की चालताना बोटं जमिनीला घासतात. शिवाय सगळा भार चांगल्या पायावर पडतो. एकाच बाजूला भरलेली कावड सरळ कशी राहील?

हा निरोप बाहेरून देता येतो. फिजिओथेरपिस्ट गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला आणि नडगीच्या पुढे चिकटपट्ट्या लावतात. छोट्या यंत्रातून मंद करंट सोडतात. आधी मुंग्या आल्यासारखं वाटतं, मग पाऊल आपोआप वर उचललं जातं. घरातल्या विजेचा झटका बसतो तसं हे नसतं. १९६१ साली अमेरिकेत डॉ. लिबरसन यांनी असं यंत्र चालताना वापरून दाखवलं. बुटाच्या टाचेत बटण होतं. टाच उचलली की करंट सुरू, टेकली की बंद.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नुसतं पट्ट्या लावून पडून राहिल्यानं तोल येत नाही. करंटबरोबर उभं राहणं, कमजोर पायावर थोडा थोडा भार देणं, खुर्चीवरून उठणं-बसणं हा सराव रोज हवा. सरावाच्या जोडीला करंट दिला, तर बऱ्याच जणांचा तोल आणि चाल सुधारते. कुणाला जास्त फायदा होतो, कुणाला कमी. सरावाच्या वेळी कमजोर बाजूला आपण उभं राहावं आणि दंडाला ओढू नये, खांदा दुखावतो.

हे यंत्र सगळ्यांना चालत नाही. छातीत पेसमेकर असेल, पोटात बाळ असेल, फिट येत असतील किंवा कॅन्सर असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. जखमेवर पट्टी लावायची नाही. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर यंत्र बंद ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा, कारण आत रक्ताची गाठ असू शकते. त्या पायाला स्पर्श कळत नसेल तर भाजलेलंही कळणार नाही, म्हणून पट्टी काढल्यावर कातडी रोज बघा. जाहिरात पाहून यंत्र मागवू नका. करंट किती, पट्टी कुठे, हे आधी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपी विभागात शिकून घ्या.

आणि आजच एक काम करा. मोरीत हाताला धरायला दांडा बसवा, वाटेतली गोधडी-पोतं उचला, रात्री दिवा लावून ठेवा. यंत्र मिळेल तेव्हा मिळेल, पडणं मात्र आजपासून टाळता येतं.