दोन कबुल्या, एक गुन्हा

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर राहणाऱ्यांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या 11 मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक मीरा रोड-भाईंदर पट्ट्यातला. 180 हून अधिक माणसं गेली.

2015 मध्ये संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. खटल्याचा मोठा आधार होता तो कबुलीजबाबांचा. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. वेगवेगळ्या आरोपींचे जबाब शेजारी ठेवून वाचले, तर मजकूर जागोजागी सारखाच निघाला. छळाचा आरोपही न्यायालयाला पटला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं त्या न्यायालयाने सांगितलं.

न केलेला गुन्हा माणूस कबूल का करतो? मारामुळे, हे झालं सोपं उत्तर. पण मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन यांनी 1996 मध्ये कुणाला बोटही न लावता हे घडवून दाखवलं. विद्यार्थ्यांना टायपिंगला बसवलं आणि ‘ऑल्ट’ची कळ दाबू नका, संगणक बंद पडेल, असं बजावलं. मिनिटभरात संगणक मुद्दाम बंद पाडला आणि आळ त्यांच्यावर घातला. कळ कुणीच दाबली नव्हती. तरी 69 टक्क्यांनी कबुलीवर सही केली. टायपिंगचा वेग वाढवून ‘मी पाहिलं’ म्हणणारी खोटी साक्षीदार बसवली, तेव्हा तर एकूण एक जणाने. काहींना आपणच कळ दाबली असं मनापासून वाटू लागलं.

कोठडीत जागून काढलेल्या रात्रींनंतर आत्ताची सुटका मोठी वाटते, खटला लांबचा. तपशील तर विचारणाऱ्याच्या प्रश्नांतूनच कळत जातात. म्हणून बारकावे भरलेली कबुली खरीच असते असं नाही. पोलिसांना आधी ठाऊक नसलेलं काही तिच्यातून हाती लागलं का, ही खरी कसोटी. 1872 च्या पुरावा कायद्याने हे ओळखलं होतं. पोलिसांपुढची कबुली पुरावा नव्हे. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य. 1999 च्या मोक्काने मात्र पोलीस अधीक्षकापुढची कबुलीही चालवून घेतली.

2008 मध्ये इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या प्रकरणात पकडलेल्या एकानेही लोकलमधले हेच स्फोट आपल्या गटाने केल्याचं मुंबई पोलिसांना सांगितलं आणि पुढे तो फिरला. एकाच गुन्ह्याच्या दोन कबुल्या, एकाच शहराच्या पोलिसांकडे. त्यातली निदान एक तरी खोटी आहे.