सफाई कामगारांची कंबरदुखी मोजताना

समजा, तुम्ही गडचिरोली शहरातल्या सफाई कामगारांची कंबरदुखी हा विषय घेतलात. पहाटे हजेरीच्या जागी गेलात, १०० जणांना विचारलंत आणि ६० जण म्हणाले, "दुखते." मग 'झाडण्यामुळे ६० टक्के कामगारांना कंबरदुखी' असं लिहायचं का? जरा थांबा.

मोजायचं कशाने? यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली वापरतात. तिच्यात मानेपासून घोट्यापर्यंत शरीराचे ९ भाग चित्रात दाखवलेले असतात. गेल्या १२ महिन्यांत त्रास झाला का, गेल्या ७ दिवसांत झाला का, त्यामुळे नेहमीचं काम अडलं का, असे साधे प्रश्न असतात. चित्र न्यायला विसरू नका. 'ढोपर' म्हणजे कुणाला गुडघा, तर कुणाला कोपर!

तुलना कुणाशी? या जिल्ह्यातल्या गावांमध्ये 'सर्च' संस्थेने पाठ-कंबरदुखीचा अभ्यास केला आहे. शेती-मजुरी करणाऱ्यांचीही कंबर दुखतेच. म्हणून त्याच वस्तीतल्या, त्याच वयाच्या, पण झाडण्याचं काम न करणाऱ्यांनाही विचारा.

महिना कोणता? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचणं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. सगळं वाकूनच. कामगार बाई यातलं काही करत असेल, तर जुलैतलं दुखणं खराट्याचं की रोवणीचं? मुलाखतीची तारीख आणि तिची बाकीची कामं नोंदवा. घरचं पाणी भरणंसुद्धा.

हजेरीत कोण नाही? सगळ्यात मोठी चूक इथे होते. जिची कंबर पार गेली, तिने काम केव्हाच सोडलं. हजेरीला दिसतात ते टिकलेले. याला 'हेल्दी वर्कर इफेक्ट' म्हणतात. यामुळे काम जितकं जास्त माणसं मोडतं, तितकं ते आकड्यांत निरुपद्रवी दिसू शकतं.

हा फक्त प्रबंधाचा प्रश्न नाही. तुमचा आकडा कमी आला, तर 'इथे त्रास नाही' असं कुणी सहज म्हणेल, आणि लांब दांड्याच्या झाडूची मागणी तिथेच संपेल.

म्हणून गेल्या काही वर्षांत काम सोडलेल्यांची यादी जुन्या कामगारांकडून मिळवा. त्यांच्या घरी जा आणि आधी एवढंच विचारा: "काम का सोडलं?"