मनगटाची दुखापत आणि वैद्याचे इमान

पेढीवर बसणाऱ्या मनुष्यास आपले मनगट किती कामाचे आहे, हे ते जायबंदी होईपर्यंत ध्यानी येत नाही. खतावणी लिहिणे, ठाण उलगडणे, तागडी उचलणे ही सारी कामे त्याच्याच जोरावर चालतात. एका पावसाळ्यात गुदामाच्या ओल्या पायरीवरून आमचा पाय घसरला व अंगाचा सारा भार पुढे केलेल्या उजव्या तळहातावर आला. त्या निमित्ताने जे शिकावे लागले, ते सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडीत आहोत.

असे पडले असता वयस्क मंडळींचे, विशेषतः स्त्रियांचे, हाताचे आंगठ्याकडील लांब हाड मनगटाच्या किंचित वर मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या मोडीचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे त्यांचा आधार होता तो केवळ नजरेचा आणि बोटांच्या स्पर्शाचा! ही मोड बहुधा हाताच्या वाकडेपणावरूनच ओळखू येते.

खरा दगा देते ते दुसरेच हाड. मनगटात आठ लहान हाडे असून त्यांतील एकास, नावेसारख्या आकारामुळे, नौकाकृती हाड म्हणतात. आंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. जुन्या पिढीतील तपकीर ओढणारे शेटजी चिमूट ठेवीत ती जागा हीच, आणि गंमत अशी की इंग्रजी शरीरशास्त्रातही या खळग्यास तपकिरीच्या डबीचेच नाव आहे. पडल्यानंतर तेथे दाबून दुखले, तर हे हाड मोडल्याचा संशय घ्यावा. हाताला वाकडेपणा नसतो, सूजही बेताची असते, आणि पहिल्या क्ष-किरण चित्रात मोड कित्येकदा दिसतच नाही. या हाडात रक्त मुख्यत्वे बोटांकडील बाजूने शिरते व मागे कोपराच्या दिशेने जाते. मधोमध मोड झाली की मागील तुकडा उपाशी राहतो. हाड सांधत नाही, व काही वर्षांनी मनगटास कायमचा संधिवात जडतो.

आम्हास प्रथम ज्यांनी पाहिले त्यांनी चित्र उजेडात धरले, ‘मुरगळले आहे’ असे सांगितले व मलम देऊन पाठविले. आम्ही खूश झालो! दुखणे थांबेना म्हणून दुसऱ्या अस्थितज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, “चित्रात मला काही दिसत नाही, तरी मोड नाही असे मी म्हणणार नाही. मोडले आहे असे धरून हात प्लास्टरमध्ये ठेवू व चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढू. एम. आर. आय. केल्यास आजच कळेल, पण खर्च अधिक आहे. काय करावयाचे ते तुम्ही ठरवा.” आमच्यातील व्यापारी मनातून चिडला. दोन आठवड्यांचे नुकसान, दोनदा पैसे, आणि वर वैद्याचे ‘ठाऊक नाही’! आम्ही प्लास्टर पत्करले. चौदाव्या दिवशीच्या चित्रात मोडीची रेघ स्पष्ट उमटली होती. गोड बोलून गिऱ्हाईक राखणे आम्हांस परके नाही. पण वैद्याने ते केले असता हात जातो.

दलालीविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. आपल्या बाजारात दलाली उघड असते. देणारा व घेणारा दोघेही ती जाणतात. रोगी पाठविल्याबद्दल अगर चित्र काढावयास लावल्याबद्दल वैद्याने घेतलेले कमिशन मात्र रोग्याच्या खिशातून, त्याच्या नकळत जाते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी ते निषिद्ध ठरविले आहे. त्याच नियमांनुसार उपचाराचे कागद मागितल्यास ते ७२ तासांत देणे वैद्यावर बंधनकारक आहे. दुसऱ्याचे मत घेण्यासाठी कागद मागण्यात वैद्याचा अपमान होत नाही. उत्तम वैद्य ते स्वतःच देतो. शस्त्रक्रिया सुचविल्यास पर्याय कोणते व न केल्यास काय होईल, हे अवश्य विचारावे. वृद्धांच्या कॉलिस-मोडीत धातूची पट्टी बसविली काय किंवा प्लास्टर केले काय, वर्षाअखेर हाताच्या कामात पुष्कळदा फारसा फरक राहत नाही, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. उलट नौकाकृती हाडाचे तुकडे सरकले असतील तर स्क्रू बसविणेच बहुधा हिताचे.

घरच्या मंडळींसाठी थोडेसे. पडताक्षणी अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. घडी घातलेले वर्तमानपत्र हाताखाली घेऊन सैलसर बांधावे व हात छातीहून उंच ठेवावा. बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा. तेल चोळणे, ओढून बसविणे हे प्रकार टाळावेत. हाडवैद्याच्या कामट्या असोत की इस्पितळातील प्लास्टर, बोटे निळसर वा बधिर झाली, किंवा सरळ करताना असह्य कळ येऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता ते बंधन रात्रीच सोडवून घ्यावे; रक्त अडून काही तासांतच स्नायू मरतात.

आमचे प्लास्टर दहाव्या आठवड्यात निघाले. मूठ अद्याप पूर्वीइतकी घट्ट वळत नाही. खतावणी मात्र पुन्हा आम्हीच लिहितो.