मिलिमीटरभर फटीतला पाण्याचा हिशेब

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण 2016 मध्ये कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ती रेल्वे देशभर गाजली. खुद्द बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांची तहान मात्र टँकर आणि बोअरवरच भागत होती. बोअर जितके खोल, तितके पाणी बेसॉल्टच्या भेगांत जास्त काळ मुरलेले आणि बहुधा तितकेच क्षारयुक्त. त्यात खतांतून झिरपणाऱ्या नायट्रेटची भर पडते. केंद्रीय भूजल मंडळाच्या नायट्रेटबाधित जिल्ह्यांच्या यादीत बीडचे नाव आहे. त्यामुळे आरओचे पाणी आणि 20 लिटरचा जार इथे गरजेचे झाले आहेत.

या जारचा हिशेब मात्र आपण अर्धाच मांडतो. उपसलेल्या पाण्यापैकी 25 टक्केच शुद्ध करणाऱ्या यंत्राला एका जारसाठी 80 लिटर पाणी लागते, म्हणजे 60 लिटर ‘रिजेक्ट’ होऊन नालीला जातात. हेच प्रमाण 50 टक्क्यांवर नेले तर 40 लिटर पुरतात, 75 टक्क्यांवर नेले तर 27 लिटरच्या आत काम होते. मग सगळीच यंत्रे तशी का चालवत नाहीत? याचे उत्तर यंत्रातल्या मेम्ब्रेनलगतच्या, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यालगतच्या, एका मिलिमीटरहूनही अरुंद फटीत आहे.

आरओचे नळकांडे उघडले की गुंडाळलेल्या मेम्ब्रेनचे थर दिसतात. दोन थरांमध्ये प्लास्टिकची बारीक जाळी असते. खारे पाणी दाबाखाली या जाळीतून वाहते. वाहता वाहता थोडे पाणी मेम्ब्रेनमधून पार होते आणि क्षार अलीकडेच राहतात. पीठ चाळताना चाळणीवर कोंडा साचावा, तसे ते मेम्ब्रेनला खेटून साचतात. तिथे क्षार वाढले की परासरणाचा उलटा दाब वाढतो. तेवढाच जोर लावला तरी पाणी कमी पार होते, शिवाय थोडे जास्त क्षार शुद्ध पाण्यात उतरतात. पाणी जड असेल तर कॅल्शियम कार्बोनेटचे कण मेम्ब्रेनवरच धरू लागतात.

हा क्षारांचा थर साधारण 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. चालू यंत्रात तो मोजणे फार अवघड, म्हणून तो गणिताने शोधावा लागतो. सच्छिद्र भिंतींच्या वाहिनीतून द्रव कसा वाहतो, याचे समीकरण अब्राहम बर्मन यांनी 1953 मध्ये सोडवले. जाळीमुळे वाहिनीचा आकार गुंतागुंतीचा होतो, तेव्हा संगणक फटीचे लाखो छोटे कप्पे करतो आणि प्रत्येक कप्प्यातला वेग, दाब व क्षार काढतो. अडचण अशी की हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. भिंतीलगतचे क्षार ठरवतात किती पाणी पार होणार, आणि पार होणारे पाणी ठरवते तिथे किती क्षार साचणार. शिवाय वेगातला फरक पाण्यात ज्या गतीने पसरतो, त्याच्या सुमारे 600 पट सावकाश मीठ पसरते. म्हणून भिंतीजवळचे कप्पे अतिशय बारीक घ्यावे लागतात.

एक उदाहरण पाहू. एका चौरस मीटर मेम्ब्रेनमधून तासाला 20 लिटर पाणी पार होत आहे आणि क्षार भिंतीकडून मुख्य प्रवाहात सेकंदाला 0.03 मिलिमीटर वेगाने परतत आहेत, असे धरू. तर भिंतीलगत मुख्य प्रवाहापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त क्षार असतील. परतीचा वेग निम्मा झाला की हाच आकडा 45 टक्क्यांजवळ जातो.

हा वेग वाढवण्याचे काम जाळी करते. तिच्या धाग्यांना अडून पाणी वळते, भोवरे उठतात आणि साचलेला थर विस्कटतो. पण धाग्यांच्या आडोशाला पाणी मंदावते आणि साका धरायला तिथूनच सुरुवात होऊ शकते. धागे दाट केले तर पाणी ढकलायला जास्त वीज लागते. धाग्यांची जाडी, अंतर आणि कोन यांचा मेळ संगणकावर आधीच बसवून पाहता येतो.

कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावालाही एके काळी पिण्याचे पाणी रेल्वेने येत असे. सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी 1960 च्या सुमारास घडवलेल्या मेम्ब्रेनच्या वाटेने 1965 मध्ये तिथे भूजल गोडे करणारा आरओ प्रकल्प उभा राहिला. टंचाईच्या गावातच हे तंत्र कसाला लागले.

आता पुन्हा जारच्या हिशेबाकडे येऊ. 75 टक्के पाणी वसूल करायचे तर शेवटच्या टप्प्यातले पाणी जवळपास चौपट खारे होते आणि भिंतीलगत त्याहूनही जास्त. एका गावच्या पाण्याला हे झेपेल, शेजारच्या गावच्या पाण्याला झेपणार नाही. पाणी तपासणीच्या अहवालातले टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचे आकडे या गणितात घातले, तर कोणत्या गावात कुठवर जाता येईल याचा अंदाज प्लांट बसवण्याआधीच बांधता येतो. म्हणून गावासाठी आरओ घेताना तासाला किती लिटर पाणी मिळेल, एवढेच विचारून थांबू नये. या गावच्या पाण्यातले किती लिटर रिजेक्ट होणार, हे निविदेतच लिहून घ्यावे आणि रिजेक्टच्या पाइपवर मीटर बसवावे. दुष्काळी जिल्ह्यात फेकल्या जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मागणे हा गावाचा हक्कच आहे.