हृदयावरील शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे मन

दि. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी एका अठरा वर्षांच्या तरुणीच्या हृदयातील जन्मजात छिद्र बंद केले. त्या वेळी सव्वीस मिनिटेपर्यंत तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम एक यंत्र करीत होते. अशा यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावर केलेल्या शस्त्रक्रियेचा हा पहिला यशस्वी प्रयोग होय. रुग्ण जगेल किंवा नाही, हाच तेव्हा शल्यचिकित्सकांपुढील प्रश्न होता व तो स्वाभाविकही होता. परंतु तंत्र सुधारत गेले, रुग्ण जगू लागले, आणि मग एक निराळीच गोष्ट ध्यानी येऊ लागली : शस्त्रक्रिया उत्तम पार पडून, नाडी व रक्तदाब समाधानकारक असूनही कित्येक रुग्णांचे मन ठिकाणावर राहत नाही, आणि घरी परतलेल्यांपैकी कित्येकांच्या जीवनात पूर्वीचा उत्साह पुन्हा येत नाही. या दोन अवस्था वेगवेगळ्या आहेत. सामान्य व्यवहारात त्यांची गल्लत होते, म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट ठरेल.

पहिली अवस्था मुग्धभ्रांतीची. न्यूयॉर्क येथील डोनाल्ड कॉर्नफेल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९६५ साली उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया झालेल्या ९९ प्रौढ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शेकडा ३८ रुग्णांमध्ये ही अवस्था आढळली. विशेष लक्षणीय बाब अशी की, अनेक रुग्ण भुलीतून शुद्धीवर आल्यानंतर तीन ते पाच दिवस पूर्णपणे भानावर होते. भ्रांतीस सुरुवात झाली ती त्यानंतर. आधी वस्तूंचे आकार व आवाज विपरीत भासू लागत, पुढे नसलेली माणसे दिसत, आणि अखेरीस परिचारिका आपल्या जिवावर उठल्या आहेत, असा संशय बळावे. केवळ मेंदूला झालेल्या इजेमुळे हे घडत असते, तर मधले ते स्वच्छ दिवस कसे आले, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. शिवाय रुग्णास दक्षता-कक्षातून साध्या कक्षात हलविले असता एक-दोन दिवसांत त्याची भ्रांती बहुधा ओसरे.

संशोधकांचे लक्ष तेव्हा त्या कक्षाकडे वळले. तेथे दिवस व रात्र यांत भेद नव्हता. दिवे अखंड जळत, यंत्रांचा एकसुरी आवाज थांबत नसे, तारा व नळ्या यांमुळे कुशीवर वळणेही दुरापास्त होई, आणि दर थोड्या वेळाने कोणी ना कोणी नाडी पाहावयास येई. सलग झोप अशी रुग्णास मिळतच नसे. म्हणून त्यांनी सुचविलेले उपायही औषधांचे नव्हते. रात्री झोपेत खंड पडणार नाही अशा बेताने शुश्रूषेची कामे आखावीत, रुग्णांमध्ये आडोसा असावा, मापन-यंत्रे शक्य तो खोलीबाहेर ठेवावीत, असे ते होते. सूचना साध्या होत्या; मात्र साध्या सूचना रुग्णालयांत रुजावयास वेळ लागतो. आज मुग्धभ्रांतीची कारणे अधिक तपशिलाने ज्ञात आहेत : वाढते वय, आधीच दुबळी झालेली स्मरणशक्ती, यंत्रावर गेलेला दीर्घ काळ, काही शामक औषधे. परंतु निद्रानाश व दिशाहीन परिसर यांचे स्थान या यादीतून गेलेले नाही. चष्मा व श्रवणयंत्र लवकर परत देणे, नजरेसमोर घड्याळ ठेवणे, घरच्या माणसाने जवळ बसून वार व वेळ सांगत राहणे, या गोष्टींची गणना म्हणूनच उपचारांत होते.

मुग्धभ्रांती म्हणजे आरडाओरडा व नळ्या उपसणे, अशीच समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः तिचा एक प्रकार अत्यंत शांत असतो. रुग्ण निपचित पडून राहतो, कोणास त्रास देत नाही, आणि ‘आज आराम पडलेला दिसतो’ असे म्हणून सर्व जण पुढे जातात. हा प्रकार ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी प्रचलित झाली आहे. परीक्षक दहा अक्षरे सावकाश उच्चारतो, आणि ठरलेले अक्षर ऐकू येताच रुग्णाने त्याचा हात दाबावयाचा असतो. घशात नळी असल्याने ज्यास बोलता येत नाही, त्याच्याही अवधानाची परीक्षा अशा रीतीने होऊ शकते.

स्मृती व अवधान यांच्या चिरकालीन ऱ्हासाविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपास शस्त्रक्रिया झालेल्या २६१ रुग्णांपैकी शेकडा ५३ जणांत रुग्णालय सोडताना असा ऱ्हास आढळला. सहा महिन्यांनी हे प्रमाण शेकडा २४ वर उतरले, आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ वर चढले. यंत्रालाच दोष देण्याकडे तेव्हा कल झाला. परंतु नेदरलँड्समध्ये २८१ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून, काहींची शस्त्रक्रिया यंत्रावर व काहींची यंत्राविना करण्यात आली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत काही फरक दिसला नाही (२००७). रोहिणीकाठिण्य हृदयापुरते थांबत नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही ते वाढत असते, हे येथे विसरता येत नाही.

दुसरी अवस्था अवसादाची. ती अधिक दीर्घकालीन असून, तिच्याकडे दुर्लक्षही अधिक होते. ती ओळखण्यातच एक अडचण आहे. थकवा, अन्नावरील वासना जाणे, झोपमोड ही अवसादाची लक्षणे खरी. पण उरोस्थी चिरून पुन्हा तारांनी बांधलेल्या माणसात ती अवसादाविनाही असणारच. म्हणून चाणाक्ष परीक्षक मनाच्या लक्षणांवर भर देतो. ज्यात पूर्वी गोडी होती त्यात ती उरली आहे काय, पुढचे सारे अंधारलेले वाटते काय, आपण घरच्यांना भार झालो असे मनात येते काय, हे तो विचारतो. घरची मंडळी बहुधा दोन टोके गाठतात. एक तर रुग्णाला तळहाताच्या फोडासारखे जपून हातचे प्रत्येक काम काढून घेतात, नाही तर ‘डॉक्टर म्हणतात सारे ठीक आहे, मग डोळ्यांत पाणी कशासाठी?’ असे विचारतात. दोहोंचा परिणाम एकच होतो : तो बोलावयाचा थांबतो.

हा प्रश्न केवळ सुखदुःखाचा नाही. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉनर्नी व सहकारी यांच्या अभ्यासात बायपासनंतरच्या ३०९ रुग्णांपैकी ६३ जणांस तीव्र अवसाद होता. वर्षभरात हृदयविकाराची नवी घटना घडली ती अवसादग्रस्तांपैकी शेकडा २७ जणांत, इतरांपैकी १० जणांत. दोन वर्षांनी ब्लूमेंथाल यांनी ८१७ रुग्णांचा सरासरी पाच वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. तोही याच दिशेचा होता. शस्त्रक्रियेपूर्वीच मध्यम वा तीव्र अवसाद असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक भरले. कारणे दोन्ही बाजूंची संभवतात. अवसादग्रस्त मनुष्य औषधे चुकवितो, चालावयास जात नाही, तंबाखूकडे पुन्हा वळतो. तसेच त्याच्या शरीरात दाह वाढतो, रक्तकणिका सहज गोठतात, आणि हृदयगतीचे नियमन करणाऱ्या चेतासंस्थेचा तोल ढळतो.

तर मग अवसादावर उपचार केल्याने आयुष्य वाढते काय? याचे उत्तर अद्याप होकारार्थी नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या २,४८१ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत (२००३) मानसोपचारांनी मन सुधारले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. तथापि मन सुधारणे हेही काही थोडे नव्हे. सेंट लुइस येथे बायपासनंतरच्या १२३ अवसादग्रस्तांपैकी ज्यांना विचार-वर्तन उपचार मिळाले, त्यांतील शेकडा ७१ जण तीन महिन्यांत अवसादमुक्त झाले. नेहमीच्या शुश्रूषेत हे प्रमाण शेकडा ३३ होते (२००९). त्याच वर्षी पिट्सबर्ग येथील प्रयोगात परिचारिकांनी आठ महिने केवळ दूरध्वनीवरून रुग्णांची विचारपूस व मार्गदर्शन केले, आणि निम्म्या रुग्णांचा अवसाद निम्म्याने वा अधिक उतरला. जेथे मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ आहेत, त्या आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने हा दुसरा प्रयोग अधिक उपयोगाचा वाटतो.

याहूनही कुतूहलाचा भाग शस्त्रक्रियेपूर्वीचा आहे. बोस्टन येथे १९६४ साली एग्बर्ट या भूलतज्ज्ञांनी पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रुग्णांपैकी काहींना आदल्या रात्री भेटून, वेदना कोठे होईल, किती काळ राहील, स्नायू सैल कसे सोडावेत, कुशीवर कसे वळावे, हे नीट समजावून दिले. कोणास हे सांगितले आहे, याची शल्यचिकित्सकांना कल्पना नव्हती. अशा रुग्णांना वेदनाशामके सुमारे निम्मीच लागली, आणि ते सरासरी २·७ दिवस लवकर घरी गेले.

हृदयरुग्णांच्या बाबतीत हीच वाट मारबुर्ग येथील विनफ्रीड रीफ यांनी पुढे नेली. त्यांच्या १२४ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) एका गटाशी शस्त्रक्रियेपूर्वी केवळ सहानुभूतीने बोलण्यात आले. दुसऱ्या गटाकडून मात्र, बरे झाल्यावर आपण काय काय करणार व त्यात अडचण आल्यास ती कशी निवारणार, याची आखणी करवून घेण्यात आली. सहा महिन्यांनी पाहता, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा दैनंदिन व्यवहारातील असमर्थता स्पष्टपणे कमी झालेली आढळली ती या आखणी केलेल्या गटात.