विश्लेषण : गव्हाचे नवे वाण एकदा तयार झाले की काम संपत का नाही?

न्हावा शेवा : केंद्र सरकारने १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि काही अपवाद वगळता न्हावा शेवासह देशातील सर्वच बंदरांतून गहू बाहेर जाणे थांबले. त्याआधी मार्चमध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेमुळे उत्तर भारतात गव्हाचे दाणे नीट भरलेच नव्हते. बंदी एका आदेशाने घालता येते, पण उष्णता आणि रोग सहन करणारे वाण तयार व्हायला वर्षे लागतात. त्यासाठी देशाने उभारलेल्या यंत्रणेत महाराष्ट्राचा वाटा किती, ते समजून घेऊ.

परदेशी बियाणे आणून भागले नसते?

न्हावा शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच्या समोरच असलेल्या जुन्या मुंबई बंदरात साठच्या दशकात अमेरिकेचा ‘पीएल-४८०’ करारातला गहू उतरत होता. १९६६ मध्ये देशाने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले. त्याच वर्षी मेक्सिकोहून ‘लेर्मा रोहो’ आणि ‘सोनोरा ६४’ या बुटक्या वाणांचे १८ हजार टन बियाणे आणले गेले. मात्र या गव्हाचा दाणा लालसर होता आणि पोळीसाठी लोकांना तो रुचेना. मग भारतीय शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून आलेल्या वाणांमधून निवड करून पिवळसर दाण्याचे ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ पुढे आणले. १९६४-६५ मध्ये १.२३ कोटी टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १.६५ कोटी टनांवर गेले. २०२३-२४ मध्ये ते सुमारे ११.३ कोटी टन होते.

हे शक्य झाले कारण तपासणीची व्यवस्था देशातच होती. अखिल भारतीय समन्वित गहू सुधार प्रकल्प १९६५ मध्ये सुरू झाला. एकच वाण वेगवेगळ्या हवामान विभागांत काही वर्षे पेरून पाहायचे आणि मगच शिफारस करायची, ही पद्धत आजही चालू आहे.

महाराष्ट्रात वेगळे संशोधन कशासाठी?

आपल्याकडे थंडी कमी दिवस टिकते आणि फेब्रुवारीतच ऊन तापू लागते. त्यामुळे पंजाबात उत्तम ठरलेले वाण इथे तसेच उतरेल याची खात्री नसते. हिवाळ्यात नीचांकी तापमानाच्या बातम्यांत ज्याचे नाव येते, ते निफाडजवळील कुंदेवाडीचे गहू संशोधन केंद्र याच कामासाठी आहे. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘गोदावरी’ आणि ‘नेत्रावती’ हे वाण तिथलेच.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे ‘एमएसीएस’ वाणही शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या मूळ संस्थेच्या नावावरून ही अक्षरे आली. संस्थेचे प्रायोगिक शेत बारामती तालुक्यात होळ येथे आहे. त्यांचे ‘एमएसीएस ६४७८’ हे वाण सुमारे ११० दिवसांत तयार होते.

चांगले वाण बाद का होते?

मुख्य कारण तांबेरा. ही बुरशी सतत बदलते आणि काल प्रतिकार करणारे वाण आज बळी पडू शकते. ‘कल्याणसोना’ही पुढे तांबेऱ्यामुळे मागे पडला.

मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तांबेरा तग धरत नाही. तो डोंगराळ भागात जिवंत राहतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतो, हे आग्र्याचे शास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी दाखवून दिले. काळा तांबेरा निलगिरी-पलनीच्या डोंगरांतून उत्तरेकडे सरकतो, म्हणजे कर्नाटक आणि महाराष्ट्र त्याच्या वाटेवरच येतात. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात थंड, दमट हवेचा फायदा घेऊन वाणांवर मुद्दाम तांबेरा सोडतात आणि कोणते वाण टिकते ते पाहतात.

यात बंदराचा संबंध कुठे येतो?

रोग धान्याबरोबरही प्रवास करतात. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर ‘ब्लास्ट’ रोग आला आणि सुमारे १५ हजार हेक्टरवरील पीक त्याच्या तडाख्यात सापडले. ही बुरशी दक्षिण अमेरिकेतील असल्याचे जनुकीय तपासणीत दिसले. म्हणूनच बंदरावर येणाऱ्या शेतमालासाठी प्लांट क्वारंटाइन तपासणी असते. तरीही रोग आत शिरलाच, तर प्रतिकारक वाण हाताशी हवे. त्यासाठी भारतीय वाणांची चाचणी बोलिव्हिया आणि बांगलादेशात घेण्यात आली.

पुढे काय?

संकरापासून चाचण्या, शिफारस आणि मग पैदासकार, पायाभूत व प्रमाणित बियाणे या साखळीतून वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत साधारण दहा वर्षे जातात. म्हणजे दहा वर्षांनी पेरायचे वाण आजच कुठल्या तरी संशोधन केंद्राच्या वाफ्यात असायला हवे. एखाद्या केंद्रात शास्त्रज्ञाची जागा रिकामी राहिली किंवा चाचण्यांचा निधी अडला, तर यंदाच्या पोळीवर काहीच परिणाम होत नाही. तो होतो दहा वर्षांनी, आणि तेव्हा घाईने भरपाई करता येत नाही.